कॉपी संपली, काम नाही

हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपा, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. नॅसमधल्या डिस्कची वॉरंटी तीन वर्षांची, फार तर पाच. जालन्यातल्या बियाणे व्यवसायाची गरज याहून लांबची. १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू झाली, आणि बियाण्याच्या धंद्यात एकेका वाणामागे अनेक हंगामांच्या नोंदी असतात. म्हणजे जुन्या नॅसवरून नव्यावर डेटा हलवणे ग्राहकाला पुन्हा पुन्हा करावे लागणारच. आपण नॅस बसवणारे मात्र अजून बिलात ‘डेटा कॉपी’ एवढेच लिहितो. आमच्या मते कॉपी हा त्यातला स्वस्त भाग आहे. पैसे पडताळणीचे घ्यावेत, आणि ती होईपर्यंत जुन्या डिस्का पुसू नयेत.

विंडोजवरून फोल्डर ओढून टाकला की फाइली जातात, परवानग्या बहुधा मागे राहतात. मग पगारपत्रक साऱ्या ऑफिसला दिसते. देवनागरी नावांची अडचण तर खास आपली. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये फाइलचे नाव १४३ बाइटांत बसावे लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘खरीप २०१९ कपाशी चाचणी नोंदवही बदनापूर अंतिम सुधारित’ हे नाव, एक्सेलचे टिंबासह पाच अक्षरी शेपूट धरून, १४४ बाइटांचे होते. एका बाइटासाठी फाइल अडते, आणि हजारो फाइलींच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. (‘अंतिम’नंतर ‘सुधारित’ लिहिण्याची सवय आपण सोडवू शकणार नाही.) मागाहून आरसिंक चालवून ‘फरक नाही’ म्हणणेही पुरेसे नाही, नेहमीच्या सेटिंगवर ती आकार आणि बदलाची वेळ एवढेच ताडते. आतले बाइट जुळतात का, हे चेकसम काढल्यावरच कळते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. एक गिगाबिटच्या जाळ्यावर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट धरले तर आठ टेराबाइटला वीस तास लागतात. बारीक फाइली असतील तर जास्तच. पण पहिली मोठी कॉपी ऑफिस चालू असताना होऊ शकते. शेवटचा फरक तेवढा सुटीच्या दिवशी, जुना नॅस फक्त वाचण्यापुरता ठेवून घ्यावा. चेकसम दोन्ही यंत्रे आपापल्या जागी काढतात, त्यात जाळे अडकत नाही. दुसरे म्हणणे असे, की जुने यंत्र चालू राहू द्या, तोच बॅकअप. २०१५ पासून अपडेट बंद झालेल्या माय बुक लाइव्ह या नॅसमधला अनेकांचा डेटा जून २०२१ मध्ये इंटरनेटवरूनच पुसला गेला, तेव्हा ती यंत्रेही चालूच होती. जुना नॅस ठेवायचा तर वायर काढून, बंद करून ठेवावा.

चेकसमलाही मर्यादा आहे: जुन्यावर आधीच बिघडलेली फाइल नव्यावर तशीच बिघडलेली उतरते, आणि चेकसम जुळतो. म्हणून ग्राहकाच्याच माणसाला टॅलीचा जुना डेटा आणि चाचण्यांचे चार-दोन तक्ते उघडून पाहायला सांगावे, आणि त्याची सही बिलासोबत जोडावी.