विहिरीची रीत समुद्रात

कोऱ्हाळे बुद्रुकला मळ्यातल्या विहिरीवर मी पोहायला शिकलो. पाठीला रिकामा, हवाबंद डबा बांधायचा आणि चुलत्यांनी मागून ढकलायचे, हीच आमची शाळा! नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले की पाझराने विहीर वर येई आणि दुपारभर आमचा दंगा चाले. पण त्या दंग्यालाही रीत होती. साबण लावून उतरायचे नाही. पाण्यावर लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यांना हात लावायचा नाही. कपारीत एक म्हातारे कासव होते. त्याला कुणी काठीने डिवचले, तर आठवडाभर त्याचे पोहणे बंद!

साठीच्या घरात आल्यावर पाठीला पुन्हा डबा बांधला, तो मालवणला. या वेळी त्यात दाबून भरलेली हवा होती. मुलीने हट्टाने स्कूबा डायव्हिंगला नेले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे होडीतल्या आम्हा दहा-बाराजणांपैकी कुणाला ठाऊक नव्हते. सांगितलेही नाही कुणी. श्वास तोंडाने घ्या आणि चित्रफीत संध्याकाळी मिळेल, एवढेच सांगितले.

खाली गेलो आणि वय विसरलो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे चष्म्यापुढून जात होते. तेवढ्यात तोल गेला म्हणून मी एका गोल खडकावर पाय टेकला. सोबतच्या पोराने मला झटकन वर ओढले. होडीत आल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, तो दगड नव्हता."

ते प्रवाळ होते. म्हणजे हजारो चिमुकल्या जिवांची वसाहत. अशी गोल प्रवाळे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. माझ्या पायाखाली कदाचित माझ्याच वयाचे काही चिरडले असेल! समुद्र तापला की ही प्रवाळे पांढरी पडतात, ते दुखणे आहेच. त्यावर आमचे पाय, आणि पायांनी उडवलेली वाळू. त्यांच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाला ऊन लागते. वाळू बसली की तेही तुटते.

आणि तो पाव! छायाचित्रात मासे भोवती जमावेत म्हणून आमच्यापुढे पाव कुस्करला गेला. आम्हीच आनंदाने माना डोलावल्या. मग दोष एकट्या होडीवाल्याला कसा द्यावा? पर्यटनावर तिथल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात. गिऱ्हाईक मागते ते तो देतो. डायव्हिंग बंद करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मुरलेले पाणबुडे हात छातीशी बांधून, श्वासावर तोल सांभाळत, कशालाही न शिवता तरंगतात. आम्हा नवख्यांना हे किनाऱ्यावर दहा मिनिटांत सांगता येणार नाही का? ज्याला तोल जमत नाही, त्याने वरूनच पाहावे. त्यात कमीपणा कसला?

दुपारी किल्ल्यात गेलो. तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. सकाळच्याच होडीतली मंडळी काठाशी हळू आवाजात, वाकून पाणी पाहत होती. एका आजीने नातवाच्या हातातला खडा काढून घेतला.

मुलगी म्हणते, दिवाळीनंतर पुन्हा जाऊ. मी हो म्हटले आहे. पैसे मोजण्याआधी पावाचे विचारायचे काम माझ्याकडे आहे.