मुलांच्या पोटाची सोनोग्राफी आधीच का नको?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरोदर बाई येते आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. (महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ सालीच कायदा केला, केंद्राच्या सहा वर्षं आधी.) त्याच यंत्राने मुलांच्या आतड्याचा जुनाट दाह पाहता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

या दाहाला इथे आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य आजार दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. जर्सी सिटीहून हडसन ओलांडली की मॅनहॅटन; तिथल्याच माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली पहिल्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. 'हे गोऱ्यांचं दुखणं' अशी तुमची समजूत असेल, तर ती सोडा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातली एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तीत दक्षिण आशियाई मुलांमध्ये आयबीडीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळलं.

आपल्याकडे मात्र महिनोन्महिने ओवा आणि हिंगाचं पाणी चालतं. 'बाहेरचं फार खातो', 'आमच्या घरात सगळे बारीकच'. शौचात रक्त, पोटदुखीने रात्री जाग येणं, वजन घटणं आणि उंची वाढायची मंदावणं, ही लक्षणं ओव्याने जाणारी नव्हेत. वाढीच्या वयातली गेलेली वर्षं परत मिळवणं कठीण असतं.

निरोगी आतड्याची भिंत मोठ्या माणसात साधारण ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असते, लहान मुलांत त्याहूनही. दाह झाला की ती जाड होते, तिचे थर पुसट होतात, आणि वाढलेला रक्तप्रवाह कलर डॉप्लरवर दिसतो. भूल नाही, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. आईचा हात धरून मूल स्वतःचं आतडं पडद्यावर बघू शकतं.

म्हणूनच माझं मत असं, की रक्ततपासणी आणि शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनच्या जोडीला ही तपासणी पहिल्या फेरीतच व्हावी. जर्मनी-इटलीत पोटविकारतज्ज्ञ स्वतः प्रोब हातात घेतात. अमेरिकेत ही पद्धत उशिरा आली. यंत्र नाही ही सबब चालणार नाही, कारण अपेंडिक्सच्या संशयावरून इथे मुलांची सोनोग्राफी सर्रास होते. कमी आहेत ते आतडं वाचायला शिकलेले हात. पालकांनी विचारायला लागल्याशिवाय ते वाढतील असं मला वाटत नाही.

पण दुर्बीण टळेल या आशेवर मात्र राहू नका. पक्कं निदान कोलोनोस्कोपी आणि तुकड्याच्या तपासणीनेच होतं. गुदाशय सोनोग्राफीत नीट दिसत नाही, वायू आड येतो, आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही. तिचा खरा फायदा, माझ्या मते, निदानानंतर आहे: औषध लागू पडतंय का, भिंत पातळ होतेय का, हे दर काही महिन्यांनी मुलाला भूल न देता बघता येतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा भारतवाऱ्या आणि घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, तेही सांगा. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो, आणि क्रोन्सवरच्या काही औषधांनी शरीरात दबून बसलेला क्षय उफाळतो. इथले डॉक्टर हे आपणहून विचारतीलच असं नाही.