कार्ड मिळालं, की देशही मिळाला?

बालमित्रांनो, देशातले पहिले आधार क्रमांक कुठे दिले गेले, ठाऊक आहे? आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी! आता सांगा, तुमच्या वर्गात जपानहून आलेली मैत्रीण असेल, तर तिला आधार कार्ड मिळेल का?

"छे! ती कुठे आपल्या देशाची?" असं म्हणू नका हं. मिळतं! २०१६ च्या आधार कायद्यात अट आहे ती राहण्याची. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत सगळे मिळून किमान १८२ दिवस, म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष, भारतात काढलेलं हवं. मग पासपोर्ट आणि चालू व्हिसा घेऊन आई-बाबांबरोबर आधार केंद्रावर जायचं. तिथे फोटो, दहाही बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतात. मिळतो तुमच्यासारखाच १२ आकडी क्रमांक! मात्र तिचं आधार व्हिसाची मुदत असेपर्यंतच चालतं. नेपाळ-भूतानच्या रहिवाशांना ते १० वर्षांसाठी मिळतं.

मग ती भारतीय झाली का? नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असं कायदाच सांगतो. गंमत म्हणजे, तुमचं-आमचं आधारसुद्धा तसा पुरावा नाही! 'ही तीच व्यक्ती' एवढंच ते सांगतं.

तेव्हा परदेशी मैत्रिणीकडे कार्ड दिसलं, तर "तुला हे कसं काय मिळालं?" असं खोचकपणे विचारू नका. ते तिला नियमानेच मिळालंय. मधल्या सुट्टीत डब्याला मात्र जरूर बोलवा. त्याला कुठलंच कार्ड लागत नाही!