लॉनला किती पाणी लागतं, कधी मोजलंय?

एप्रिल-मेमध्ये शहरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. टँकर कधी येणार, पाणी एकच वेळ का, कोणाच्या टाकीतून ओव्हरफ्लो होतंय, यावर पन्नास मेसेज सापडतील. आता त्याच सोसायटीच्या गेटमधून आत या. समोर लॉन, लॉनवर तासभर पडून असलेला पाइप आणि पेव्हर ब्लॉकवरून गटाराकडे निघालेला ओघळ. त्यावर मात्र ग्रुपवर एकही मेसेज नसतो.

लॉन नकोच, असं आमचं म्हणणं नाही. लहान मुलं तिथे खेळतात, आजी-आजोबा संध्याकाळी टेकतात, आणि परीक्षेच्या दिवसांत तुम्हीही पुस्तक घेऊन तिथेच बसता. पण ज्या शहरात प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं, तिथे लॉनवर किती पाणी जातंय हे कोणालाच ठाऊक नसणं बरोबर नाही. आधी ते मोजायला हवं.

हा विषय राज्याला नवा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. अंतिम सामना वानखेडेऐवजी बंगळुरूला झाला. वाद होता मैदानाच्या हिरवळीला लागणाऱ्या पाण्याचा. तेव्हा तुम्ही शाळेत असाल, पण घरातली तावातावाची चर्चा आठवत असेल. क्रिकेटच्या मैदानाला आपण जाब विचारला. आपल्या बिल्डिंगखालच्या हिरवळीला कधी विचारला?

आता थोडं गणित, तेही शाळेतलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी पुरतं. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे त्याची रोजची गरज पावणेचारशे ते पावणेपाचशे लिटर. आता वीस लिटरची बादली घ्या, बागेचा पाइप तिच्यात सोडा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बादली एका मिनिटात भरली, तर तासाला बाराशे लिटर! म्हणजे गरजेच्या अडीच-तीन पट. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने हे जवळपास नऊ माणसांचं दिवसभराचं पाणी झालं. दहा हजार लिटरचा एक टँकर नऊ दिवसांच्या आत त्या एका पाइपातून जातो.

यात माळीकाकांना दोष देऊन मोकळं होऊ नका. त्यांना कमिटीने एवढंच सांगितलेलं असतं की गवत पिवळं पडता कामा नये. पाणी जास्त झालं म्हणून त्यांना कोणी बोलत नाही, पण एक कोपरा सुकला की दहा जण बोलतात. मग ते पाइप टाकून दुसऱ्या कामाला जाणारच. चूक व्यवस्थेत आहे, त्यामुळे दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

दुरुस्ती फार महागही नाही. पहिला बदल वेळेचा. पहाटे ऊन नसतं, वाराही कमी असतो, त्यामुळे पाणी मुळांपर्यंत पोचतं. दुपारी बरंचसं हवेतच उडतं, आणि रात्री पाती ओली राहिली की बुरशी धरते. पहाटे उठणार कोण, तर नळाला बसणारा बॅटरीवरचा टायमर. पण टायमर लावून विसरायचा नाही. जुलैच्या धो-धो पावसात तुषार सुरू असलेले लॉन तुम्हीही पाहिले असतील. पाऊस पडला की पाणी थांबवणारा सेन्सर मिळतो. तो नसेल तर जूनमध्ये टायमर बंद करायचा, एवढं तरी ठरवता येतं.

दुसरा बदल नोझलचा. तुषारातून धुकं उडताना दिसलं, तर प्रेशर जास्त आहे आणि पाणी वाऱ्यावर जातंय. फिरत-फिरत, जाड थेंबांनी, सावकाश पाणी देणारी नोझल बसवली की जमिनीला ते प्यायला वेळ मिळतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी हळू मुरवते. तिच्यावर सलग अर्धा तास पाणी सोडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन पाळ्या, मध्ये अर्ध्या-पाऊण तासाची विश्रांती, हे जास्त उपयोगी. पाणी सगळीकडे सारखं पडतंय का, हे तपासायला एकसारखे आठ-दहा उभट डबे लॉनभर ठेवा, पंधरा मिनिटं तुषार चालवा आणि पट्टीने प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. एकात तीन मिलिमीटर आणि दुसऱ्यात बारा निघाले, तर एका सुक्या कोपऱ्यासाठी आख्खं लॉन भिजवलं जातंय.

तिसरा बदल ठिबकचा. कडेची झुडपं, कुंड्या, वेली यांना तुषार कशाला? थेट मुळाशी ठिबक द्या. जळगावचा केळीवाला आणि नाशिकचा द्राक्षवाला शेतकरी ठिबकवर पीक काढतो, आणि त्याच राज्यातल्या शहरात जास्वंदीला पाइपाने आंघोळ घातली जाते, हे जरा विचित्रच आहे. मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो. तो नीट चालत असेल, तर बागेला तेच पाणी वापरायचं. मुलं खेळतात तिथे मात्र ते हवेत उडवायचं नाही, ठिबकनेच द्यायचं. फिल्टर दर आठवड्याला धुवायचा, नाहीतर ड्रीपर तुंबतात आणि मग सगळे म्हणतात, ‘ठिबक काही कामाचं नाही.’

हे सगळं करूनही एक प्रश्न उरतो. पार्किंगशेजारची दोन फुटी हिरवी पट्टी, क्लबहाउसच्या मागचा तुकडा, तिथे शेवटचं पाऊल कोणाचं पडलं? बहुतेक गवत कापणाऱ्याचंच. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने हाच प्रश्न कायद्यात आणला. लास वेगासचं बहुतेक पाणी कोलोरॅडो नदीतून येतं, आणि नदी आटत चालली आहे. म्हणून २०२१ मध्ये तिथे कायदा झाला. केवळ शोभेच्या, कोणी न वापरणाऱ्या हिरवळीला २०२७ पासून त्या नदीचं पाणी द्यायचं नाही. घरांची अंगणं आणि खेळायची मैदानं यांना त्यातून सूट आहे. जिथे माणसं जातात ते लॉन ठेवायचं, बाकीच्या जागी कमी पाण्याची झाडं लावायची. ही विभागणी आपल्याला कायद्याशिवायही करता येईल. आपल्याकडे तर हरळी आहे. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसात पुन्हा तरारते. दोन महिने पिवळं गवत बघायची तयारी मात्र आपली हवी.

आता तुम्ही म्हणाल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्हाला विचारतंय कोण? खरंय, फ्लॅट आई-बाबांच्या नावावर, कमिटीत सगळे काका-काकू. पण बादली आणि स्टॉपवॉच तुमच्याकडेही आहे. या रविवारी माळीकाकांना सोबत घ्या, पाइप मोजा, डबे ठेवा, फोटो काढा. मग ‘पाणी वाचवा’चं पोस्टर टाकू नका, आकडा टाका : आपल्या लॉनला रोज इतकं लागतं, आपण इतकं देतो, महिन्याला इतके टँकर जास्तीचे. टँकरचं बिल मेंटेनन्समधून जातं, त्यामुळे हा मेसेज कोणीही ‘गुड मॉर्निंग’सारखा पुढे सरकवणार नाही. हॉस्टेलला राहत असाल, तर कॅम्पसचं लॉन आहेच. तिथे एनएसएसच्या तासांत हे काम सहज बसेल.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरवरून ग्रुपवर भांडण पेटेल, तेव्हा निदान तुमच्या हातात तरी आकडा असू द्या.