भोवळ तिला, गुन्हा आपला

रेणापूरच्या एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला अंबाजोगाई. दोन्ही गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही घरातली बाई म्हणते, "कूस बदलली की घर गरगर फिरतंय," तेव्हा आपण तिला बसमध्ये बसवत नाही. आधी म्हणतो पित्त झालं असेल, मग म्हणतो कामाचा कंटाळा आलाय, आणि तेही खपेनासं झालं की बाहेरचं बघायला देवऋषीकडे नेतो.

याला अज्ञान म्हणू नका. बैलाने वैरण सोडली तर त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर आणणारं घर अज्ञानी नसतं. बाईची भोवळ खरी मानली तर तिला कामातून सोडावं लागेल, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात चुनखडीसारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या वाकड्या नळ्यांत शिरले की आडवं पडताना, कुशीवर वळताना सगळं फिरतं आणि बहुधा मिनिटाभरात ओसरतं. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जाणकार डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून हे कण जागी नेतात. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. एवढ्यासाठी आपण तिच्या कपाळाला वर्षभर अंगारा लावतो!

निपचित पडूनही भोवळ थांबत नसेल तर कारण वेगळं असतं: कानाच्या नसेची सूज, अर्धशिशी, चालू गोळ्यांचा परिणाम. दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपल्यावर गर्भाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घेरी येते. जीभ अडखळली, एकाचे दोन दिसू लागले, चालता येईना, तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तिथे तासही दवडायचा नाही.

त्यात अंगात रक्त नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवण्याची रीत आपणच पाळली ना?

भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं. पण "ढोंग करते" म्हणून तिला चुलीपुढे बसवणाऱ्या सासरला, नवऱ्याला, आपल्याला कोणतं कलम लावायचं?

आज तिला विचारा: कोणत्या कुशीवर फिरतं, किती वेळ, ऐकू कमी येतं का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. डॉक्टरही हेच विचारतील, आणि तेव्हा तिच्या वतीने बोलायला निघालेल्या घरच्या माणसाला यातलं एक तरी उत्तर ठाऊक असायला हवं.