निलंबनाचा न्याय

सरकारी कचेरीवर टीका करण्याची मुभा ह्या देशात सर्वांस आहे, आणि ती टीका पुष्कळदा रास्तही असते. लाल फीत, तुंबलेल्या फायली, 'उद्या या' हे सनातन उत्तर, ह्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची आम्हां कारकुनांस इच्छा नाही. परंतु ज्या चपळ, खासगी व यांत्रिक व्यवस्थेचा दाखला देऊन आम्हांस नित्य लाजविण्यात येते, तिच्यात न्यायाची एक अगदी प्राथमिक गोष्ट नाही, हे कोणी तरी सांगावयास हवे. ती गोष्ट म्हणजे निलंबनाची रीत.

केंद्र सरकारच्या सेवकास निलंबित करावयाचे झाल्यास १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांप्रमाणे लेखी हुकूम काढावा लागतो. नव्वद दिवसांच्या आत त्या हुकुमाचा फेरविचार न झाल्यास तो आपोआप गळून पडतो. त्याविरुद्ध अपील करता येते. मधल्या काळात निर्वाहभत्ता मिळतो; कारण निलंबन ही शिक्षा नव्हे, आणि चौकशी पुरी होण्याआधी माणसास उपाशी मारणे हा न्याय नव्हे. सेवक परत रुजू झाला म्हणजे त्या काळाचे वेतन किती द्यावे व तो काळ सेवेत धरावा की नाही, ह्याचाही निर्णय लेखी द्यावा लागतो. ही रीत संथ आहे, कंटाळवाणी आहे. पण ती रीत आहे.

आता दुसरी बाजू पाहा. संकेतस्थळाचे नाव, ज्यास सर्वजण डोमेन म्हणतात, कोणी कायमचे विकत घेत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षांच्या मुदतीने ते रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या कंपनीमार्फत आपल्या नावे नोंदविले जाते. कंपनीकडील आपले खाते हीच त्या नावाची किल्ली. नूतनीकरण तेथूनच, दुसऱ्या कंपनीकडे नाव नेण्याचा संकेतांकही तेथूनच. ते खाते निलंबित झाले की किल्ली गेली. मुदतीचे घड्याळ मात्र चालूच राहते. 'डॉट कॉम'सारख्या नावाची मुदत संपली, सवलतीचे दिवस उलटले, पुढे सोडवून घेण्याचे तीस दिवस व अखेरचे पाच दिवसही गेले, की ते नाव जगातील कोणीही उचलावे. येथे निर्वाहभत्ता नाही.

हे केवळ तर्काने रचलेले संकट नव्हे. आमच्या शहरातील एका जुन्या मराठी वाचनालयाचे खाते असेच एके दिवशी बंद झाले. ग्रंथांची सूची, जुन्या दिवाळी अंकांची छायाचित्रित पाने, सभासदांचा पत्रव्यवहार, सर्व त्या एका नावावर उभे होते. कारण कळविले गेले ते एवढेच, की 'आमच्या अटींचा भंग झाला आहे'. कोणत्या अटीचा, हे नाही. खुलाशाची पत्रे कंपनीने पाठविली ती वाचनालयाच्या त्याच नावावरील ई-मेल पत्त्यावर, जो निलंबनाबरोबरच मुका झाला होता! घराला टाळे ठोकावे आणि नोटीस आतल्या भिंतीवर चिकटवावी, तसाच हा प्रकार. तेवीस दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: खाते पूर्ववत् करण्यात आले आहे. का बंद केले होते, हे आजतागायत कोणास ठाऊक नाही.

कोणी म्हणतील, फसवणूक करणारे लोक खोट्या नावांनी डोमेन घेतात, बँकांच्या नावे जाळी पसरतात. कंपनीने तत्काळ पाऊल उचलू नये काय? अवश्य उचलावे. तातडीच्या निलंबनास आमचा विरोध नाहीच. तसा अधिकार सरकारासही आहे. आमचा विरोध आहे तो निलंबनानंतरच्या मौनास. शिवाय नियम तरी कंपन्यांना मौन पाळावयास कोठे सांगतात? नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेच्या २०१३ च्या करारात असे आहे की, ग्राहकाने पंधरा दिवसांत आपला पत्ता पडताळून दिला नाही, तर कंपनीने एक तर स्वतः माणसाकरवी पडताळणी करावी, नाही तर पडताळणी होईतो नाव स्थगित ठेवावे. दोन वाटा दिल्या आहेत. त्यांपैकी जीत माणूस लागत नाही तीच सोयीची वाटते! पैशासंबंधी तंटा आहे एवढ्याच कारणावरून स्थलांतराचा संकेतांक अडवू नये, असेही आयकॅनचे धोरण सांगते.

तरीही दाद कोठे मागावी? नावावर तिऱ्हाइताने हक्क सांगितला तर त्या तंट्यासाठी १९९९ पासून लवादाची व्यवस्था आहे, आपल्या 'डॉट इन'साठीही तशीच आहे. परंतु नावाचा धनी आणि त्याचा रजिस्ट्रार ह्यांच्यातील तंटा त्या लवादापुढे चालत नाही. २००७ साली रजिस्टरफ्लाय ही अमेरिकन कंपनी कोलमडली, तेव्हा ग्राहकांना आपलीच नावे सोडवून घेता येईनात. अखेर आयकॅनने तिची मान्यता काढून घेतली व नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपविली. त्यातून नोंदींची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवण्याची शिस्त आली. कंपनी मेली तर काय, ह्याचा विचार झाला. कंपनी जिवंत असून बोलत नसेल तर काय, ह्याचा पुरेसा झालेला नाही.

म्हणून आमची मागणी माफक आहे. निलंबनाच्या हुकुमात भंग झालेल्या अटीचे कलम लिहावे. हुकूम त्या नावाबाहेरच्या पत्त्यावरही धाडावा. ठरलेल्या मुदतीत माणसाने फेरविचार करावा. आणि निलंबनाच्या काळात नूतनीकरणाचे पैसे स्वीकारावेत, निदान नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये. 'डॉट इन' आणि २०१४ पासून देवनागरीत मिळणारे 'डॉट भारत' ह्यांची नोंदवही निक्सी ही आपल्याच देशातील संस्था सांभाळते. तिने आपल्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांवर एवढी अट घालावी, यासाठी परदेशाची वाट पाहावयास नको.

बृहन्महाराष्ट्रातील मंडळांनाही दोन शब्द. नाव चिटणिसाच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवावे. संपर्काचा पत्ता त्या नावावर अवलंबून नसावा. किल्ली दोघांकडे असावी. आणि पानांची एक प्रत आपल्या कपाटात असावी. परप्रांतात मराठी संस्थेची इमारत पुष्कळदा भाड्याची असते, कार्यकर्ते बदलीवर जातात. टिकते ते नाव. ते बंद करण्याचा अधिकार ज्याने घेतला आहे, त्याने कारण सांगण्याचे कर्तव्यही घेतलेच पाहिजे. एका सामान्य कारकुनास जो न्याय मिळतो, तो शंभर वर्षांच्या ग्रंथालयास मिळू नये, असे म्हणणाऱ्या प्रगतीस आम्ही प्रगती म्हणत नाही.