प्रतिमा आणि किंमत

मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपाने निर्माण झाला, हे बायबलमधील विधान आज केवळ भाविकतेचे वाटते. मुळात त्याचा आशय क्रांतिकारक होता. प्राचीन इजिप्तमध्ये देवाची प्रतिमा हे बिरुद प्रामुख्याने राजाला लावले जाई. तुतनखामुन या नावाचा अर्थच ‘आमुन देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पहिल्याच अध्यायाने तो मान नर आणि नारी दोघांनाही दिला. नवव्या अध्यायात मनुष्यवधाच्या निषेधासाठी हेच कारण सांगितले आहे. तेव्हा प्रतिरूपाचा खरा अर्थ माणसाची अनुल्लंघनीयता हाच होय.

तथापि तत्त्व मान्य असणे आणि ते व्यवहारात उतरणे, यांत अंतर असते. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकन राज्यघटनेने लोकप्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरली. वाढीव जागा मालकांच्या राज्यांना मिळाल्या. गुलामाला मताधिकार मिळाला नाही. बायबल वाचणारे मळेवालेच माणसांचा लिलाव पुकारीत होते. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. तत्पूर्वीच्या दीर्घ लढ्यात तिच्या विरोधकांनी याच वचनाचा आधार घेतला होता.

श्रमाचा भाव बाजार ठरवितो. परंतु श्रमाचा भाव म्हणजे माणसाची किंमत नव्हे. वृद्धाचे वा बेकाराचे उत्पन्न शून्य असले, तरी त्याचे मूल्य शून्य ठरत नाही. आस्तिकाने हे ईश्वराच्या नावाने म्हणावे, नास्तिकाने मानवी प्रतिष्ठेच्या. ज्याच्यापासून कवडीचाही लाभ नाही, त्याच्याशी समाज कसा वागतो, यावरच दोघांच्याही निष्ठेची पारख होणार आहे.